सुया तिच्याच हातात राहू द्या



मागच्या हिवाळ्यात माझी एक फजिती झाली, तिथूनच सुरुवात करते. धुळे तालुक्यातल्या एका गावात गटाची मासिक बैठक होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले आणि मी पिशवीतून लोकर आणि सुया काढल्या. गटातल्या तीन घरी लेकी-सुनांची बाळंतपणं जवळ आली होती, थंडी वाढत होती. म्हटलं, सगळ्यांना एकदमच टोपडं विणायला शिकवून टाकू. मला विणकाम येतं, एमएसडब्ल्यू करताना होस्टेलवर रूममेटकडून शिकले होते. चौदा जणी गोल बसल्या. मी मधे उभी राहून टाके कसे घालायचे ते दाखवलं, मग सुलट टाका, मग उलट. सगळं एका तासात. आम्हाला प्रशिक्षणात सांगतात तसंच केलं: आधी उद्देश सांगा, मग प्रात्यक्षिक, मग सराव, शेवटी शंका. शंका एकीनेही विचारली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पुढच्या महिन्यात गेले तर चौदापैकी बारा जणींच्या सुया फळीवर जाऊन पडल्या होत्या. एक ताई तर त्या सुईने परकरात नाडी ओवत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, सुई लई कामाची आहे." मी काय बोलणार?

राहिल्या दोघी. एक गटाच्या सचिवताई. त्यांना विणकाम माहेरी शाळेत असतानाच आलेलं, माझ्यापेक्षा सफाईदार. दुसरी त्यांच्या घराशेजारची मैत्रीण. वय पन्नाशीचं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, सगळा जन्म शेतात गेलेला. तिच्या सुईवर मात्र नऊ बोटं लांब पट्टी होती. भोकं होती, कड वाकडी होती, पण पट्टी होती. माझ्या तासाभराच्या शिकवण्यातून ती आलेली नव्हती, सचिवताईंनी शिकवल्यामुळे आली होती. मग मी त्या गावात तीन दुपारी नुसती बसले आणि एक मैत्रीण दुसरीला कसं शिकवते ते पाहिलं. या लेखात जे काही आहे ते त्या ओट्यावरचं आहे, माझं फार थोडं.

शेजारी बसा, समोर नको

पहिली गोष्ट बसण्याची. मी समोर उभी होते, म्हणजे माझा उजवा हात त्यांच्या डाव्या बाजूला. बघणारीला सगळं मनात उलटं करून घ्यावं लागत होतं. सचिवताई मैत्रिणीच्या खांद्याला खांदा लावून बसल्या, दोघींची तोंडं एकाच दिशेला. शिकवणारीचे हात जसे दिसतात तसेच आपले करायचे, उलटसुलट काही नाही. शिकणारी डावखुरी असेल तरच समोर बसायचं, आरशात बघितल्यासारखं. आणि डावखुरीला "उजव्या हाताने कर" असं कृपा करून सांगू नका. विणकाम डाव्या हातानेही तितकंच चांगलं होतं.

दुसरं, त्यांनी टाके घालण्यापासून सुरुवातच केली नाही. आपण भाकरी शिकवताना पोरीला आधी जात्यावर बसवत नाही, पिठाचा गोळा हातात देतो आणि म्हणतो, थाप. विणकामात मात्र पुस्तकं आणि माझ्यासारख्या मॅडम पहिल्याच दिवशी टाके घालायला लावतात. सुरुवातीचे टाके हे सगळ्यात निसरडं काम आहे. सचिवताईंनी स्वतःच वीस टाके सैलसर घातले, चार ओळी विणून दिल्या आणि मगच सुया मैत्रिणीच्या हातात ठेवल्या. धरायला काहीतरी होतं, त्यामुळे हात घाबरला नाही. टाके घालायचं त्यांनी दहाव्या दिवशी शिकवलं आणि बंद करायचं त्याच्याही नंतर.

लोकर आणि सुई

शिकण्यासाठी लोकर फिक्या रंगाची घ्या. पिवळी, पोपटी, आकाशी चालेल. काळी, चॉकलेटी, गर्द निळी नको, टाकाच दिसत नाही. केसाळ, फुगलेली, चमकी असलेली लोकर दुकानात छान दिसते, पण शिकणारीला ती रडवते. साधी गुळगुळीत फोर प्लाय घ्या, पहिल्या पट्टीला हवी तर दुहेरी धरा.

सुयांच्या नंबरात एक गंमत आहे, त्यात मी स्वतः फसले होते. आपल्या बाजारात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबरची सुई चार मिलिमीटर जाड असते, दहा नंबरची साधारण सव्वातीन. दहा नंबर मोठा म्हणून जाड सुई येईल असं समजून मी धुळ्याला पाच कंदीलच्या बाजारातून बारीक सुया घेऊन आले आणि त्याच वाटल्या. शिकायला आठ नंबरच बऱ्या.

गुंडा स्टीलच्या डब्यात ठेवायचा. नाहीतर तो घरभर फिरतो, मांजराला खेळणं होतं आणि सारवलेल्या जमिनीची माती लोकरीला लागते ती निराळीच.

सोड, गुंडाळ, ओढ, उतरव

उजवी सुई लांब असते. तिचं मागचं टोक काखेत दाबून धरलं की हात मोकळा होतो. मग सुलट टाका. सचिवताईंनी तो विहिरीवरून शिकवला. डाव्या सुईवरचा पहिला टाका म्हणजे विहीर. उजव्या सुईचं टोक त्यात पुढून मागे घालायचं, ही बादली सोडली. लोकर सुईच्या टोकाभोवती खालून वर फिरवायची, ही दोरी गुंडाळली. ती लोकर घेऊन सुई हळूच विहिरीबाहेर काढायची, हे पाणी ओढलं. आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा, बादली उतरवली. दोघी पहिल्या दिवशी तोंडाने म्हणत होत्या: सोड, गुंडाळ, ओढ, उतरव. चार शब्द, वीस टाके, एक ओळ. ओळ संपली की सुया बदलायच्या: भरलेली डाव्या हातात, रिकामी उजव्या हातात, आणि पुन्हा सोड, गुंडाळ.

पहिले आठ दिवस एवढंच. उलट टाक्याचं नावही नाही. सगळ्या ओळी सुलट घातल्या तरी दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं, जाड, ताणलं जाणारं विणकाम तयार होतं, आणि बाळाच्या टोपड्याला तेच चांगलं.

मैत्रीण सुरुवातीला सारखी म्हणायची, "माले नही जमत हाई." सचिवताई तिला "जमेल गं, सोपं आहे" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. हे मी मुद्दाम लिहून घेतलं. सोपं आहे म्हटलं आणि तरी जमलं नाही, तर समोरची मनात काय समजेल? त्या म्हणायच्या, "पहिल्यांदा अवघडच असतं. माले बी रडू उनं व्हतं."

हातातून सुया घेऊ नका

आता जी गोष्ट सांगते ती सचिवताईंनीच मला सांगितली, आणि लिहायची परवानगीही दिली.

पहिले दोन दिवस मैत्रीण चुकली की सचिवताई म्हणायच्या, "दे इकडं." सुया घ्यायच्या, चार टाके झपझप नीट करायच्या, परत द्यायच्या. पुन्हा चूक, पुन्हा "दे इकडं". पट्टी छान वाढत होती. तिसऱ्या दिवशी मैत्रीण आली नाही. चौथ्या दिवशीही नाही. सचिवताई घरी गेल्या तर ती म्हणाली, पट्टी तूच विणलीस, मी काय विणलं? तिला राग आला नव्हता. स्वतःचीच लाज वाटली होती. आयुष्यभर फॉर्म दुसऱ्यांनी भरले, सही करायच्या जागी अंगठा धरून दुसऱ्यांनी टेकवला, आणि आता विणायलाही दुसरीच.

त्या दिवसापासून सचिवताईंनी स्वतःसाठी वेगळ्या सुया आणि वेगळी लोकर घेतली. मैत्रिणीचं चुकलं की आपल्या सुयांवर तोच टाका हळू करून दाखवायच्या. मैत्रीण बघून आपला आपण करायची. वेळ दुप्पट लागायचा. सचिवताई हसत म्हणाल्या, "मॅडम, माझे हात मी मांडीखाली दाबून बसायची." मला होस्टेलवरची माझी रूममेट आठवली. तीसुद्धा "दे इकडे"वालीच होती, आणि माझ्या पहिल्या मफलरचा अर्धा भाग तिचाच आहे.

आपण गटातही असंच करतो. रोकडवही कोषाध्यक्ष ताईंना लिहायची असते, पण वेळ होतो म्हणून मीच पटकन लिहून टाकते. हे लिहिताना माझं मला जाणवलं, एवढंच.

चुका कुठे होतात

वीस टाक्यांचे तेवीस होतात. हे जवळजवळ प्रत्येकीचं होतं, आणि बहुतेक वेळा कडेला होतं. ओळीच्या सुरुवातीला लोकर सुईवरून मागे ओढली गेली की पहिल्या टाक्याच्या दोन दोऱ्या वर दिसतात आणि दोन टाके समजून दोन्ही विणल्या जातात. म्हणून ओळ सुरू करताना लोकर आधी खाली ओढून घ्यायची. दर ओळीला टाके मोजायचे. बैठकीत रोकड मोजून वहीशी जुळवतो ना, तसंच. पाच-पाचच्या जोड्या लावून मोजलं की लवकर होतं. ज्यांना लिहिता येत नाही अशा बायका हिशेबात आपल्याला गप्प करतात, हे मी दर बैठकीत बघते. मैत्रिणीचे टाके चुकले तर सचिवताईंच्या आधी तिलाच कळू लागलं होतं.

मधेच उठावं लागतं. म्हैस सुटते, पाणी येतं, कोणी हाक मारतं. परत येऊन सुया हातात घेतल्या की प्रश्न पडतो, कुठल्या बाजूने चाललो होतो? ज्या सुईवरच्या टाक्यातून गुंड्याची लोकर लोंबते, ती उजव्या हातात घ्यायची. एवढं लक्षात ठेवलं की मधे भोक पडत नाही. ओळ पुरी करून उठलं तर प्रश्नच नाही, पण म्हैस ओळ पुरी व्हायची वाट बघत नाही.

टाका सुटला तर ओढाओढ करू नका. सुटलेल्या टाक्यात आधी सेफ्टीपिन अडकवा, मग शांतपणे क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणा.

घट्ट विणणं ही भीतीची खूण. सुई टाक्यातून सरकत नाही, बोटं दुखतात. घट्ट विणणारीला "सैल विण" सांगून काही होत नाही. तिच्याशी गप्पा मारा. बोलता बोलता हात सैल होतो.

आणि उसवणं. सचिवताईंनी दुसऱ्याच आठवड्यात मैत्रिणीला चांगली विणलेली पट्टी पूर्ण उसवायला लावली. मला ते क्रूर वाटलं. पण उसवल्यावर लोकर तीच, तेवढीच परत हातात आली तेव्हा मैत्रिणीचा चेहरा मी पाहिला. ब्लाऊजचं कापड कात्रीखाली चुकलं की गेलं. लोकरीचं तसं नाही. त्यानंतर ती चुकायला घाबरली नाही. घरातला जुना, आखूड झालेला स्वेटरही असाच उसवून, लडी करून, धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येतो.

डोळ्यांचं

तिसऱ्या दुपारी एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. मैत्रीण सुया हळूहळू लांब लांब धरत होती, पार गुडघ्यापर्यंत. टाका चुकला की म्हणायची, मी अडाणी, मला कुठलं समजणार. सचिवताईंनी स्वतःचा चष्मा काढून तिच्या नाकावर ठेवला. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग एकेक टाका बोटाने दाखवत गेली.

चाळिशीनंतर जवळचं कमी दिसायला लागतं. सगळ्यांनाच. सुईत दोरा ओवता येत नाही, तांदळातला खडा दिसत नाही, आणि आपण समजतो की अक्कल कमी पडते आहे. गटात कोणी "मला नाही जमत" म्हणत असेल तर आधी उजेडात बसवा, मग डोळे तपासून घ्या. ग्रामीण रुग्णालयात किंवा नेत्र शिबिरात तपासणी होते. मला सांगा, मी सोबत येते.

हे सगळं कशासाठी

मैत्रिणीची धाकटी लेक बाळंतपणाला यायची होती. टोपडं तिच्यासाठीच. पण एवढा हट्ट का, हे तिने खूप उशिरा सांगितलं. थोरल्या लेकीचं पहिलं बाळ थंडीत आठव्या दिवशी गेलं होतं. कशाने गेलं ते तिला कोणी नीट समजावून सांगितलं नाही. तिच्या मनात एकच राहिलं: त्याचे पाय गार लागत होते.

टोपडं घातलं की बाळ वाचतं, असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. पण नवजात बाळाची ऊब ही साधी गोष्ट नाही. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, तिथून ऊब लवकर जाते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला तर स्वतःची ऊब राखणं जास्तच अवघड जातं. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असायला हवं. थर्मामीटर नसेल तर आशाताई शिकवतात ती खूण लक्षात ठेवा: पोट गरम आणि पाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजते आहे, लगेच आईच्या उघड्या छातीशी धरा आणि वरून पांघरूण घ्या. पोट आणि पाय दोन्ही गार, म्हणजे धोका. छातीशी धरूनच दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा. जन्मल्यावर निदान २४ तास आंघोळ नको. डोक्यावर टोपडं, पायात मोजे, पण खरी ऊब आईच्या अंगाची. कांगारू मदर केअर म्हणतात ते हेच. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटाच्या एका दवाखान्यात ऊब द्यायच्या पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आता सगळ्या जगात ते करतात.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं: ऊब कशी द्यायची, स्तनपान कसं करवायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि त्यावर औषध कसं द्यायचं. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज आपल्या आशाताई बाळंतपण दवाखान्यात झालं तर सहा वेळा आणि घरी झालं तर सात वेळा, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येतात, त्याचं मूळ तिथे आहे. त्या आल्या की बाळाचे पाय त्यांच्याकडून तपासून घ्या, नुसता चहा पाजून पाठवू नका.

टोपडं

आधी तुमच्या वीस टाक्यांच्या पट्टीची रुंदी मोजा. समजा दहा सेंटीमीटर भरली, म्हणजे एका सेंटीमीटरला दोन टाके. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर असतो. टोपडं ताणलं जातं, म्हणून ३२ धरायचा. ३२ गुणिले २, म्हणजे ६४ टाके. बाळ लहान असेल तर २८ धरा, म्हणजे ५६. टाके चारने भाग जाणारे ठेवा, पुढे सोपं पडतं.

टाके सैल घाला. सगळ्या ओळी सुलट, उंची १५ सेंटीमीटर होईपर्यंत (लहान बाळाला १३). मग एक ओळ दोन-दोन टाके एकत्र विणत जा, ६४ चे ३२ होतील. एक ओळ साधी. पुन्हा एक ओळ दोन-दोन एकत्र, राहिले १६. लोकर वीतभर लांब ठेवून कापा, गोधडीच्या मोठ्या सुईत ओवा, सगळ्या टाक्यांतून फिरवून ओढा. डोक्यावरचं तोंड बंद झालं. त्याच लोकरीने बाजूची शिवण घाला. खालची दोन सेंटीमीटर वर दुमडा. लोकर साधारण २५ ते ३० ग्रॅम लागते.

गोंडा नको, बटण नको, गळ्याशी बांधायची लांब नाडी तर मुळीच नको. गोंडा तोंडात जातो, नाडी गळ्याला आवळते. आपल्याला नटवायची हौस असते, ती पहिल्या वाढदिवसाच्या स्वेटरवर भागवा.

एक महत्त्वाचं. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिकची असते, मेंढीची नाही. ती आगीजवळ वितळते आणि कातडीला चिकटते. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, बाळाला शेक देतात. टोपडं, मोजे घातलेलं बाळ शेगडीजवळ नेऊ नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी तशीही नकोच, त्या धुराने जीव जातो.

आणि थंडीचं टोपडं थंडीतच. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा काही वर्षी सहा अंशांच्याही खाली जातो, तेव्हा ते हवंच. पण एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ अंशांत पाहुणीने दिलं म्हणून बाळाच्या डोक्यावर लोकर चढवलेली मी पाहिली आहे. बाळ तापतं, लाल होतं आणि आपण म्हणतो दृष्ट लागली. उन्हाळ्यात पातळ सुती कापड पुरे. कापसाच्या मुलखात राहतो आपण.

धंद्याचं काय?

हा प्रश्न येणारच, म्हणून हिशेब मांडते. एका गटाने वीस हजारांचं कर्ज काढून लोकर भरायचं ठरवलं होतं. मी नको म्हटलं, त्या थोड्या नाराजही झाल्या.

चांगला हात बसलेल्या बाईला एक टोपडं विणायला पाच तास लागतात, नवीन बाईला आठ. रोजगार हमीचा रोज २०२४-२५ साली २९७ रुपये होता, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने तासाला ३७. पाच तासांचे १८५. लोकर समजा ३० रुपयांची. म्हणजे टोपडं २१५ ला पडलं, त्यात नफा काहीच धरला नाही. बाजारात मशीनवरची टोपी शंभराच्या आत मिळते. मग २१५ ला कोण घेणार? कोणी आगाऊ पैसे देऊन मागितलं तर जरूर विणा, आणि आपले तास मोजून भाव सांगा, लाजू नका. पण कर्ज काढून माल भरू नका. घरच्या बाळासाठी विणताना मात्र हा हिशेब लागू नाही, कारण ती दुपार आपली असते.

मैत्रिणीचं टोपडं

तिचं पहिलं टोपडं शेजारच्या दोन वर्षांच्या पोराला बसलं. पट्टी विणताना हात घट्ट होता, टोपड्यापर्यंत येता येता सैल झाला, त्यामुळे ६४ टाक्यांचा घेर पार ३८ सेंटीमीटर भरला. सचिवताई हसायला लागल्या, तीही हसली, आणि तिने न सांगता ते उसवायला घेतलं. दुसरं ५६ टाक्यांचं. कितीवर करायचं ते तिचं तिनेच ठरवलं, मला किंवा सचिवताईंना विचारलं नाही.

नात जानेवारीत झाली, दवाखान्यात. दोन किलो शंभर ग्रॅम. टोपडं जरा सैल झालं, पण दुमड वाढवून बसवलं. मी गेले तेव्हा बाळ आईच्या छातीशी पदराआड होतं, फक्त पोपटी टोपडं दिसत होतं. आजीने मला बसायलाही सांगितलं नाही. बाळाचा पाय पदरातून बाहेर काढून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "दख बरं, गरम शे ना?"

गरम होता.

या हिवाळ्यात मी चौदा जणींना एकदम शिकवणार नाही. आता विणणाऱ्या तिघी आहेत: सचिवताई, त्यांची मैत्रीण आणि मी. प्रत्येकीशेजारी एकच जण बसेल, म्हणजे पहिल्या फेरीत तिघी शिकतील. ज्यांच्या घरी यंदा बाळंतपण आहे त्यांची नावं आधी घेऊ. सीआरपी ताईंकडे नाव द्या. येताना आठ नंबरच्या सुया, फिक्या रंगाची लोकर आणि असेल तर चष्मा आणा. आणि शिकवणारीने स्वतःच्या सुया वेगळ्या आणायच्या.